ऑसेल्टामिविर ७५: पहिल्या दोन दिवसांत घ्यायचं फ्लूचं औषध

दहा कॅप्सूलची एक स्ट्रिप. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. मोठ्या माणसाचा अख्खा कोर्स एवढाच. दुकानात टॅमीफ्लू, फ्लूविर, अँटीफ्लू अशी वेगवेगळी नावं दिसतील, पण आतलं औषध एकच: ७५ मिलिग्रॅम ऑसेल्टामिविर. ब्रँडवर डोकं खर्च करू नका. कोणाला द्यायचं आणि किती तासांत, यावर करा.

तारे द्यायचे झाले तर एकच आकडा देता येत नाही. तिशीतला धडधाकट माणूस, साधा फ्लू: पाचपैकी दोन. साठी ओलांडलेला दमेकरी, गर्भवती, मधुमेही, हृदयरोगी, किंवा दम लागून दवाखान्यात दाखल झालेला रुग्ण: पाचपैकी चार.

पहिल्या गटाला दोनच का? कोक्रेन ही चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी स्वतंत्र संस्था. तिच्या २०१४ च्या आढाव्यात औषध विकणाऱ्या रोश कंपनीच्या चाचण्यांचे मूळ अहवाल पहिल्यांदा पूर्ण तपासले गेले. मोठ्यांची लक्षणं ७ दिवसांवरून ६.३ दिवसांवर आली, म्हणजे जेमतेम १७ तास वाचले. बदल्यात औषध घेणाऱ्या दर २८ जणांत एकाला जादा मळमळ आणि दर २२ जणांत एकाला जादा उलटी. ज्याला दोन दिवस पेज खाऊन पडून राहणं परवडतं, त्याला हा सौदा फारसा फायद्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये हेच सांगितलं: सौम्य फ्लूत ऑसेल्टामिविर नको, गंभीर फ्लूत द्यावं. गंभीर रुग्णांबाबतचा पुरावा तितकासा भक्कम नाही, पण तिथे वाट पाहण्याची किंमत मोठी असते.

आता वेळेचं. पहिली कणकण जाणवल्यापासून ४८ तासांच्या आत सुरुवात व्हायला हवी. नियम उगाच ठरवलेला नाही. घशात-नाकात विषाणूची संख्या पहिल्या एक-दोन दिवसांतच शिखर गाठते, आणि हे औषध पेशीत शिरलेल्या विषाणूला हात लावत नाही. ते फक्त नव्या विषाणूंना पेशीबाहेर सुटू देत नाही. पीक कापून झाल्यावर शेताला कुंपण घालण्यात काय अर्थ? तरीही रुग्ण गंभीर असेल तर ४८ तास उलटले म्हणून डॉक्टर औषध नाकारत नाहीत.

हे सुटू न देणं कसं जमतं, त्यात या औषधाची खरी गंमत आहे. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सियालिक आम्ल नावाच्या साखरेला चिकटून आत शिरतो. बाहेर पडताना तीच साखर त्याला अडकवून ठेवते, म्हणून तो न्युरामिनिडेज या विकरानं (एन्झाइमनं) ती कात्रीसारखी कापतो. कात्री बंद पडली की नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच घोळक्यानं चिकटून बसतात. एच१एन१ सारख्या विषाणूच्या नावातला 'एन' म्हणजे हीच कात्री.

या कात्रीच्या मागे आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे कॅनबेराचा विषाणुशास्त्रज्ञ ग्रॅम लेव्हर. १९६० च्या दशकात तो आणि त्याचा न्यूझीलंडचा सहकारी रॉबर्ट वेब्स्टर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर चालत असताना त्यांना वाळूत मेलेले शिअरवॉटर पक्षी दिसले. हे फ्लूनं तर मेले नसतील, अशी शंका आली आणि दोघं ग्रेट बॅरियर रीफच्या बेटांवर पक्ष्यांचे नमुने घ्यायला गेले. १९७२ मध्ये शिअरवॉटरमध्ये खरोखरच फ्लूचा विषाणू सापडला. १९७५ मध्ये तिथल्याच एका नॉडी टर्न पक्ष्याकडून मिळालेल्या विषाणूचं एन९ न्युरामिनिडेज तर सोन्याची खाण निघालं: त्याचे स्फटिक इतके नेटके बनायचे की लेव्हरनं काही वाढवायला मीर अंतराळस्थानकावर पाठवले.

स्फटिक कशाला? रेणूचा आकार क्ष-किरणांनी बघायला. लेव्हरच्या स्फटिकांवरून पीटर कोलमन आणि जोस वर्गीस यांनी १९८३ मध्ये न्युरामिनिडेजची रचना मांडली. तिच्यातून दोन गोष्टी एकदम उलगडल्या. आपली प्रतिपिंडं विकराच्या बाहेरच्या वळणांना धरतात, आणि विषाणू नेमकी तीच वळणं दरवर्षी थोडीथोडी बदलतो. म्हणून मागच्या वर्षीची प्रतिकारशक्ती यंदा तोकडी पडते आणि लस दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते. पण मध्ये एक खळगा आहे, साखर कापली जाते ती जागा. प्रतिपिंडाला तिथे नीट पोचता येत नाही, आणि तो बदलला तर कात्रीच चालत नाही. त्यामुळे सगळ्या जातींत तो जवळजवळ सारखा राहिला. औषध ठोकायचं तर इथेच.

त्या खळग्यात बसेल असा पहिला तुकडा मार्क फॉन इट्झस्टाइनच्या गटानं मेलबर्नमध्ये घडवला: झॅनामिविर. नैसर्गिक साखरेची नक्कल, फक्त एका जागी ग्वानिडिन नावाचा अणूंचा गट लावलेला. औषध जबरदस्त, पण तोंडावाटे घेतलं तर शोषलंच जात नाही, म्हणून कोरड्या पुडीचा इनहेलर. अमेरिकेत ते १९९९ च्या जुलैत आलं. ऑक्टोबरमध्ये गिलियडनं शोधलेलं आणि रोशनं विकलेलं ऑसेल्टामिविर कॅप्सूल घेऊन आलं आणि बाजार खाऊन गेलं. साधी गोष्ट: गोळी गिळायला कोणी शिकवावं लागत नाही.

जाता जाता: ऑसेल्टामिविर बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल बराच काळ चक्रफुलातून काढलं जाई. त्यावरून चक्रफुलाचा काढा फ्लूवर चालतो असा समज पसरला. चालत नाही. शिकिमिक आम्ल म्हणजे नुसता कच्चा माल. पुढे अनेक रासायनिक पायऱ्या चढल्याशिवाय त्यात औषधाचा गुण येत नाही. चक्रफूल बिर्याणीत घाला.

वापरताना सगळ्यात जास्त घोळ मुलांच्या मात्रेत होतो. एक वर्षावरील मुलांना वजनाप्रमाणे, दिवसातून दोनदा, पाच दिवस: १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, १५ ते २३ किलो ४५, २३ ते ४० किलो ६०, त्यापुढे मोठ्यांसारखे ७५. वर्षाच्या आतल्या बाळाची मात्रा डॉक्टरांनीच काढायची. आपल्याकडचं सिरप बहुधा दर मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅमचं असतं, अमेरिकेत ६ चं. म्हणजे १२ च्या बाटलीतून ३० मिलिग्रॅमला अडीच मिलिलिटर लागतात आणि ६ च्या बाटलीतून पाच. परदेशातल्या नातेवाइकानं फोनवर सांगितलेले 'पाच एमएल' इथल्या बाटलीतून दिले की मात्रा थेट दुप्पट. मिलिग्रॅम आधी ठरवा, मिलिलिटर मग. चमचा नको, सुई नसलेली सिरिंज वापरा. पावडरमध्ये पाणी लेबलवर लिहिलंय तेवढंच घाला आणि प्रत्येक वेळी बाटली हलवा.

सिरप मिळालं नाही तर ३० किंवा ४५ ची कॅप्सूल उघडून पावडर साखरेच्या पाकात कालवता येते. पावडर चांगलीच कडू असते, त्यामुळे थोड्या पाण्यात दिली तर मूल थुंकणार हे धरून चाला. वर्षाखालच्या बाळाला मात्र मधातून काहीच देऊ नये.

मळमळीवर उपाय सोपा: पोट भरलेलं असताना घ्या. जेवणानं शोषण बिघडत नाही, पोट मात्र शांत राहतं. एखादी मात्रा राहिली तर आठवताक्षणी घ्या. पुढच्या मात्रेला दोन तासांहून कमी वेळ असेल तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत. मूत्रपिंड कमजोर असेल तर ७५ ची नेहमीची मात्रा चालत नाही. औषध यकृतात कार्यक्षम रूपात बदलतं आणि मग लघवीवाटे जातं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती वेगानं गाळतं त्याचा आकडा) ३० ते ६० असेल तर ३० मिलिग्रॅम दोनदा, १० ते ३० असेल तर ३० मिलिग्रॅम एकदा. वयस्कर रुग्णाच्या चिठ्ठीत ही बाब निसटू शकते, म्हणून जुना किडनीचा रिपोर्ट सोबत न्या.

उणिवांमध्ये सगळ्यात रंजक प्रतिरोधाची. खळग्यात बसण्यासाठी ऑसेल्टामिविरला आतल्या एका अमिनो आम्लाला थोडं वळवून जागा करावी लागते. एच२७५वाय नावाचा एक बदल झाला की ते वळण अडतं आणि औषध निरुपयोगी होतं. झॅनामिविर मूळ साखरेसारखं असल्यानं त्याला जागा करावी लागत नाही, म्हणून ते तरीही चालतं. २००७-०८ च्या हिवाळ्यात नॉर्वेत असे विषाणू मोठ्या प्रमाणात दिसले आणि वर्षभरात हंगामी एच१एन१ जवळजवळ सगळाच प्रतिरोधक झाला. नशीब असं की २००९ मध्ये आलेल्या स्वाइन फ्लूच्या नव्या एच१एन१ नं त्याला हाकलून दिलं, आणि तो या औषधाला दाद देत होता.

झॅनामिविरकडे वळण्याआधी एक सूचना: दमा असलेल्यांना नको, श्वासनलिका आवळू शकतात. आणि ती पुडी नेब्युलायझरमध्ये घालायची नसते. २०१८ मध्ये जपानमध्ये आलेलं बॅलॉक्साविर एकाच मात्रेत काम उरकतं आणि वेगळ्या विकरावर हल्ला करतं, पण दूध-दही आणि कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत घेतलं तर त्याचं शोषण घटतं.

भारतातला पहिला स्वाइन फ्लू मृत्यू २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. त्या साथीनंतर बरीच वर्षं हे औषध शेड्यूल एक्सच्या, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीच्या, कुलपात होतं. २०१७ पासून ते शेड्यूल एच१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीवर सहज मिळतं, मात्र दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहावं लागतं. सरकारी वर्गवारीही लक्षात ठेवा. ए गटात, म्हणजे साधा ताप-खोकला असताना, ना चाचणी ना औषध. २४ ते ४८ तास लक्ष ठेवायचं. बी गटात, म्हणजे ताप जास्त आणि घसा फार दुखत असेल किंवा रुग्ण जोखमीचा असेल तर, डॉक्टर औषध सुरू करतात, विशेषतः जोखमीच्या रुग्णाला, तेही चाचणीविना. दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, मूल सुस्त होऊन खाणं सोडणं म्हणजे सी गट. तिथे नमुना घ्यायचा, पण अहवालाची वाट न बघता पहिली कॅप्सूल द्यायची. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून औषध थांबवू नये, कारण ती बऱ्याच खऱ्या रुग्णांना निसटू देते.

नाकात फवारण्याची जिवंत लस घ्यायची असेल तर ऑसेल्टामिविरची शेवटची मात्रा होऊन ४८ तास उलटू द्या, आणि लशीनंतर दोन आठवडे शक्यतो हे औषध टाळा. औषध लशीतला विषाणूही अडवतं. दंडात टोचायच्या लशीला ही अडचण नाही.