एनटी-प्रोबीएनपी टेस्ट घरी येऊन केली, लॅब चांगली पण रिपोर्ट अर्धवट

आईला जिना चढताना धाप लागायची, पाय सुजायचे, म्हणून डॉक्टरांनी हृदयावरचा ताण बघणारी ही रक्ताची टेस्ट सांगितली. घराजवळच्याच लॅबचा मुलगा सकाळी येऊन रक्त घेऊन गेला, उपाशी राहायची गरज नाही हे त्याने आधीच फोनवर सांगितलं ते फार बरं झालं कारण आईला शुगर आहे, आणि संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर हजर. सर्व्हिसला पूर्ण मार्क.

पण रिपोर्टवर नॉर्मल म्हणून नुसतं १२५ छापलंय आणि त्याच्या वरचा आकडा लाल, बघून घरात सगळे घाबरले. हृदयावर ताण आला की तिथे बीएनपी नावाचा हार्मोन बनताना सुटणारा एनटी-प्रोबीएनपी हा तुकडा रक्तात वाढतो हे खरंय, पण वय झालं किंवा किडनी कमजोर असली तरी आकडा चढतो, आणि वजन जास्त असेल तर उलट कमी दिसतो, एवढं दोन ओळीत लिहायला हवंच ना! म्हाताऱ्या माणसांचे रिपोर्ट असतात हो हे.

आणि साधी बीएनपी ही वेगळी टेस्ट आहे, दोन्हीचे आकडे एकमेकांशी लावू नका. हार्ट फेल्युअरसाठी देतात ती सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनची गोळी चालू असेल तर बीएनपी त्या गोळीनेच वाढू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून एनटी-प्रोबीएनपीच करा, शक्यतो दरवेळी त्याच लॅबमध्ये. चार स्टार.