टॅली-जीएसटीचा तीन महिन्यांचा क्लास : शिकवणं खरंच चांगलं, पण 'प्लेसमेंट' बघून फी भरू नका

बी.कॉम. झालं २०२५ ला, फर्स्ट क्लास आहे, आणि जून-जुलै पूर्ण दोन महिने जिथे जाईन तिथे एकच प्रश्न, एक्सपिरियन्स किती. नाही म्हटलं की कळवतो म्हणायचे, कळवलं कुणीच नाही. मग ऑगस्टमध्ये पुण्यात पेठेतला एक टॅली प्राइम (हिशेब लिहायचं सॉफ्टवेअर) विथ जीएसटी क्लास लावला. फी ९,५००, तीन महिने, रोज दीड तास. नाव लिहीत नाही कारण असे क्लास गल्लीगल्लीत आहेत आणि बोर्डावर सगळ्यांच्याच '१०० टक्के प्लेसमेंट' लिहिलेलं असतं, त्यामुळे कुठलाही लावणार असाल तरी हे वाचा.

आधी चांगलं सांगते. शिकवणारे सर स्वतः वीसेक वर्षं व्यापाऱ्यांची अकाउंट्स बघतायत, आणि ते कळतं. पहिल्याच दिवशी त्यांनी कॉम्प्युटर चालूच करू दिला नाही, वहीवर किर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) लिहायला लावली, मग खतावणी (त्या नोंदी खात्याखात्यात वाटणं), मग तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा ताळा). मी अकरावी-बारावीला पुस्तपालन मराठीतून केलंय, नंतर कॉलेजात सगळं इंग्लिश झालं आणि मधे कुठेतरी तुटलं होतं, ते तिथे जोडलं गेलं. त्यानंतर टॅली. एफ४ काँट्रा (रोख-बँक अदलाबदल), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, हे पाठ करायचं नाही, हाताला बसलं पाहिजे असं सर म्हणायचे आणि माऊसला हात लावला की ओरडायचे.

आमची बॅच चालू असतानाच २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ चे बरेचसे आयटम ५ आणि १८ वर आले. क्लासच्या छापील नोट्समध्ये अर्थातच जुने दर. पण सरांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना डमी कंपनीतल्या आयटमचे दर बदलायला लावले, २२ तारखेच्या आधीचं बिल जुन्या दराने आणि नंतरचं नव्या दराने बरोबर येतंय का ते एकेकाच्या मशीनवर उभं राहून बघितलं. या एका दिवसातच माझे अर्धे पैसे वसूल झाले असं मला वाटतं, कारण पुढे मला मुलाखतीत नेमकं हेच विचारलं.

आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे शेवटचे दोन आठवडे. सर बुटाचं एक खोकं घेऊन आले, एका ओळखीच्या दुकानदाराची जुनी बिलं, त्याची परवानगी घेऊन. चुरगळलेली, काहींवर चहा सांडलेला, काहींवर तारीखच लागत नव्हती. पुस्तकातल्या उदाहरणात सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं हो, इथे एकाच पार्टीची तीन वेगवेगळी नावं आणि जीएसटी नंबर बघून शोधायचं की एकच आहे का. नंबर २७ ने सुरू झाला तर महाराष्ट्रातला, त्याला सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा), एक बिल सुरतचं होतं, २४ ने सुरू होणारं, त्याला आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या व्यवहारावरचा). मालकाने दुकानाच्या खात्यातून स्वतःचा विम्याचा हप्ता भरलेला, तो खर्चात टाकायचा नाही, उचल (मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे) म्हणून टाकायचा. हे मी बारावीला पाठ केलेलं, पण खरी नोंद समोर आली तेव्हा दहा मिनिटं बघत बसले.

आता वाईट, आणि हे मी रागाने लिहितेय. प्लेसमेंट. फी भरताना काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या शंभर टक्के, पावतीवर बारीक अक्षरात आहे 'असिस्टन्स'. मला एकूण तीन कॉल आले. एक विमा विकायचं टेलिकॉलिंग, एक चाकणला रात्रपाळीची डेटा एंट्री, आणि तिसऱ्यांनी फोनवरच विचारलं किमान एक वर्षाचा अनुभव आहे ना. म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच परत. वरून एका कन्सल्टन्सीचा नंबर दिला, ते रजिस्ट्रेशनचे १,५०० मागत होते. मी भरले नाहीत, माझ्या मैत्रिणीने भरले, तिला अजून एकही फोन नाही. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला कुणीही एक रुपया देऊ नका प्लीज. सर्टिफिकेटही क्लासचं स्वतःचं आहे, टॅली कंपनीचं सर्टिफिकेट वेगळं असतं आणि त्याची परीक्षाही वेगळी, हे फी भरायच्या आधीच स्पष्ट विचारून घ्या.

मग नोकरी कशी लागली तर चालत. भाऊबीज झाली आणि रेझ्युमेच्या प्रिंट काढून मी सदाशिव पेठ, नारायण पेठ, टिळक रोड, जिथे जिथे सीएची पाटी दिसली तिथे जिना चढले. चार दिवसांत २३ ऑफिस. बहुतेकांनी दारातूनच नाही म्हटलं. पण वेळ बरोबर होती, २०२५ ला टॅक्स ऑडिटची तारीख वाढून १० नोव्हेंबर झालेली आणि सगळ्या ऑफिसात फायलींचे ढीग, माणसं कमी. एका ऑफिसात मॅडमनी रेझ्युमे बघितलाच नाही, एक बँक स्टेटमेंट आणि वीस बिलं दिली, म्हणाल्या बस आणि एंट्री करून दाखव. मी त्या खोक्यातल्यासारखीच केली. त्यातली दोन बिलं मी बाजूला ठेवली, का म्हणून विचारलं तर सांगितलं की जीएसटी नंबर अर्धवट दिसतोय, पार्टीला विचारल्याशिवाय टाकणार नाही. त्या म्हणाल्या सोमवारपासून ये.

पगार ११,००० आहे. कमी आहे, मला माहितेय, प्रोफेशन टॅक्स कापत नाहीत कारण बायकांना महिना २५,००० पर्यंत माफ आहे, तेवढाच दिलासा. पण चार महिन्यांत जे बघितलं ते क्लासमध्ये नव्हतं. ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला टू-बी (पार्ट्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी) येतं की मग पर्चेस रजिस्टरशी जुळवत बसायचं, ज्या पार्टीने रिटर्न भरलं नाही तिला फोन, २० ला थ्री-बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). आणि यातलं निम्मं काम एक्सेलवर होतं, व्हीलुकअप आणि पिव्होट, जे क्लासने तीन महिन्यांत फक्त दोन दिवस शिकवलं, तेही घाईत. याचा मला खूप त्रास झाला, पहिले पंधरा दिवस घरी जाऊन रात्री शिकत होते. बँक जुळवणीही (आपल्या नोंदी बँक स्टेटमेंटशी ताडणं) तशीच, क्लासमध्ये दहा ओळींची, इथे चारशे.

क्लास लावू का असं माझ्या मावसबहिणीने विचारलं, तिला सांगितलं की टॅली अजिबात येत नसेल तर लाव, येत असेल तर नको. घरी टॅलीचं एज्युकेशनल मोड फुकट चालतं, त्यात १, २ आणि ३१ अशा ठरावीक तारखांनाच एंट्री होते पण सरावाला ते पुरतं, ओळखीच्या दुकानदाराकडे महिन्याची बिलं माग. फी भरायच्या आधी काउंटरला नाही तर शिकवणाऱ्यांना भेट आणि विचार की खरी बिलं हाताळायला देता का. नाही म्हणाले तर दुसरा क्लास बघ.

शिकवण्याला पाचपैकी साडेचार, प्लेसमेंटला शून्य. लावलाच तर सकाळी साडेसातची बॅच घ्या, संध्याकाळी एका मशीनवर दोघं बसवतात आणि मग एकाच्याच हाताला बसतं.