शिडी आधी की बॉल आधी?

बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा फुटबॉलचा सराव घेणाऱ्याला कधीतरी हे ठरवावं लागतंच. चपळाईचे ड्रिल जमिनीवर अंथरलेल्या पट्ट्यांच्या शिडीत वेगळे घ्यायचे, की पळणं-वळणं सगळं बॉलसकटच करून घ्यायचं? कोल्हापुरात पेठेतल्या पोरांबरोबर मी तीन सीझन पहिली पद्धत वापरली, आता दुसरी वापरतो.

शिडी दिसायला झकास. दोन आठवड्यांत पावलं टपाटप पडायला लागतात, कट्ट्यावरचे पालक मोबाइल काढतात. (पट्ट्यांचा गुंता सोडवण्यात गेलेली पाच मिनिटं मात्र कुणी शूट करत नाही.)

मला खटकलं ते वेगळंच. शिडीच्या टोकाशी मी बॉल सरकवायचो. सगळ्यात चपळ पोरगं बाणासारखं सुटायचं आणि बॉलच्या पुढं निघून जायचं. दर वेळी! बॉल मागं, हा पुढं, मग लटपटत परत. शिडीत पाऊल कुठं पडणार हे आधीच ठरलेलं असतं. मैदानात ते बॉल ठरवतो. बॉलजवळ येताना शेवटची दोन-तीन पावलं आखूड करून, गुडघे वाकवून वेग मारायचा, हे शिडीत येतच नाही. ‘अरे थांब की!’ म्हणून घसा बसला माझा.

आता दहा-बारा पावलांवर खुणेचे दोन कोन (शंकू) ठेवतो. पोरगं तिरकं धावत येतं, मी बॉल टाकतो, त्यानं तो तळव्यानं मागं ओढायचा आणि तीन टचमध्ये उलट्या बाजूनं बाहेर पडायचं. बॉल निसटला की ब्रेक उशिरा लागला, हे त्याचं त्यालाच कळतं.

उणी बाजू आहेच. बॉल पायात असला की पूर्ण वेग लागत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा चार-पाच धावा मोकळ्याच घेतो. फिफाचा ‘११+’ वॉर्मअपही सोडलेला नाही. साधारण वीस मिनिटांचे पंधरा व्यायाम, पायात बॉल नाही. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवरच्या चाचणीत त्यानं गंभीर दुखापती कमी झालेल्या दिसल्या. ते काम बॉल करणार नाही.

वीस पोरं आणि चारच बॉल असतील, तर शिडी सोयीची पडेल, नाही म्हणत नाही. माझी शिडी सध्या गाडीच्या मागं बॉलची जाळी बांधायला लागते.