जांगड वहीत माझं नाव

"पोरी, साड्या कधी आणून द्यायलीस?"

पैठणच्या विणकर काकांचा हा फोन आला तेव्हा आमचा फॅशन शो होऊन नऊ दिवस झाले होते. मी अंबडला घरी होते, कापसाची वेचणी चालू होती, आणि माझ्या समजुतीप्रमाणे साड्या केव्हाच परत गेल्या होत्या. सात पैठण्या, किंमत १ लाख ५४ हजार. काकांच्या जांगड वहीत, म्हणजे दाखवायला नेलेल्या मालाच्या नोंदवहीत, मी जिथं इंटर्न होते त्या कंपनीचं नाव कुठंच नव्हतं. माझं नाव होतं, माझा मोबाइल नंबर होता, माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स टाचलेली होती आणि खाली माझी सही.

आता पुन्हा कॉलेजांत इंटर्नशिपची धावाधाव सुरू झालीय आणि मी जिला भुलले तशाच जाहिराती आमच्या ग्रुपवर फिरायल्यात, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

मी छत्रपती संभाजीनगरला फॅशन डिझाइन शिकत होते. शेवटच्या वर्षाला तीन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची. आमच्यातली एक सीनियर मुंबईला लॅक्मे फॅशन वीकमध्ये बॅकस्टेजला कपडे चढवायला गेली होती. तिच्या फोटोंवर आम्ही वर्षभर जगलो. पण मुंबईत राहायचं तर कॉटबेसिसचं भाडंच आमच्या घरखर्चाएवढं. त्यामुळे इन्स्टाग्रामवर 'फॅशन इव्हेंट आणि पीआर इंटर्न पाहिजेत, संभाजीनगर, स्टायपेंड दरमहा ८,०००' असं दिसलं तेव्हा देवच पावला असं वाटलं.

मुलाखत कॅनॉटमधल्या एका कॅफेत झाली. ऑफिसचं रंगकाम चालू आहे म्हणाले. ते रंगकाम डिसेंबरपर्यंत चालूच होतं. सर गोड बोलणारे, मॅडम त्याहून गोड. 'किट आणि नोंदणी' म्हणून ६,५०० रुपये मागितले, स्टायपेंडमधून परत मिळतील म्हणाले. फोनवरून पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव आलं नाही, भलत्याच एका माणसाचं आलं. मी विचारलं, तर "अकाउंटंटचं आहे गं". किटमध्ये काळा टी-शर्ट, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि एक डायरी. टी-शर्ट पहिल्याच धुण्यात विटला.

तरी एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे कामाचा आणि फसवणुकीचा घोळ होणार नाही. या कामात हमाली आहेच. ती खऱ्या, नावाजलेल्या ठिकाणीही असते आणि तिला मी फसवणूक म्हणत नाही. रॅम्पवर दहा मिनिटं दिसतं त्याच्या मागे आठवडाभर कपड्यांना वाफेची इस्त्री करायचा स्टीमर धरून हाताला आलेले फोड असतात. प्रत्येक मॉडेलची वेगळी रॅक, रॅकवर तिच्या लूकचा फोटो, खाली चपलांचा नंबर. उसन्या आणलेल्या सँडलच्या तळव्यांना कागदी टेप लावायची, म्हणजे झिजल्याचं दिसत नाही आणि दुकानदार परत घेतो. पहिला लूक काढून दुसरा चढवायला मिनिट-दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात पैठणी नेसवायची म्हणजे निऱ्या आधीच टाचून ठेवाव्या लागतात. मी तोंडात सेफ्टी पिना धरून बोलायला शिकले. पाहुण्यांना फोन करून 'येताय ना' विचारायचं, खुर्च्यांवर नावं चिकटवायची, आणि ऐन वेळी पुढच्या रांगा रिकाम्या दिसल्या की काळा टी-शर्ट काढून, साधा कुर्ता घालून आपणच तिथं जाऊन बसायचं, कारण फोटोत रिकामी खुर्ची दिसता कामा नये. बीड बायपासच्या त्या लॉनवर मी अशी एका पाहुण्याच्या नावाच्या चिठ्ठीवर बसून टाळ्या वाजवल्यात. पोस्टरवर जिचा फोटो होता ती मालिकेतली नटी आलीच नाही. तिच्या खुर्चीवर आमचा ड्रायव्हर बसला होता.

हे सगळं मी आनंदानं केलं. शिकलेही.

घात दुसरीकडे होता आणि तो कळायला मला फार उशीर लागला. जिथं जिथं कुणाचं देणं लागणार होतं, तिथं तिथं कागदावर नाव इंटर्नचं होतं. कंपनी फक्त पोस्टरवर.

पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "तू इथली आहेस, मराठी चांगली बोलतेस, लोकांचा तुझ्यावर विश्वास बसतो. पोस्टरवर संपर्काला तुझाच नंबर टाकू." मला तो मान वाटला. चार दिवसांत फोन सुरू. मॉडेलिंगसाठी नाव नोंदवणाऱ्या मुलींकडून २,५०० रुपये 'पोर्टफोलिओ फी' घेतली जात होती. पैसे त्या 'अकाउंटंट'कडे, चौकश्या माझ्याकडे. परभणी, गेवराई, वसमत, कुठूनकुठून मुली. फोटो कधी मिळणार हे विचारायला त्यांचे वडील मलाच फोन करायचे, आणि मी मॅडमनं शिकवलेलं वाक्य म्हणायचे, "एडिटिंग चालू आहे काका." ते वाक्य आजही आठवलं की मान खाली जाते. त्या मुलींसाठी ठग मीच होते.

मग पैठण. जांगड म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माल पसंतीला किंवा दाखवायला न्यायचा, विकला तर पैसे द्यायचे, नाही तर जसा नेला तसा परत. तोवर माल मालकाचाच. शोसाठी, शूटसाठी कपडे असेच आणतात, त्यात गैर काही नाही. नीट चालणाऱ्या ठिकाणी प्रत्येक कपड्याची नोंद होते, नेताना त्याची अवस्था कशी होती, परत कधी येणार, किंमत किती, आणि घेणारी असते ती कंपनी. मी सकाळच्या एसटीनं, अर्ध्या तिकिटात, बिडकीनमार्गे पैठणला गेले. काकांच्या घरात पुढच्या खोलीत माग. त्यांनी एकेक साडी उलटी करून दाखवली: हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर उलटसुलट सारखाच दिसतो, मागं धागे लोंबत नाहीत. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं माग चालत नाही, गिऱ्हाइकानं चालतो, असं हसत म्हणाले. शोमध्ये त्यांच्या घराण्याचं नाव पुकारलं जाईल, असं मी त्यांना सांगितलं होतं. मला तसंच सांगितलेलं.

सही करताना मी सरांना फोन लावला. "कंपनीचा शिक्का नाहीये माझ्याकडे." "अगं, फॉर्मॅलिटी आहे, कर." केली.

शोमध्ये काकांचं नाव कुणी पुकारलं नाही.

पीआरचा, म्हणजे जनसंपर्काचा, भाग त्यातल्या त्यात मजेशीर. मराठी प्रेसनोट लिहायला माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. 'दिमाखदार', 'मंत्रमुग्ध' आणि 'मने जिंकली' हा मसाला नसला तर नोट परत यायची. ती घेऊन मी स्कूटीवर पेपरांच्या ऑफिसांत फिरायचे. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न, जाहिरात किती देताय? दोन पेपरांत बातमी आली. मग अहवाल करायचा: बातमी पट्टीनं मोजायची, चौरस सेंटीमीटर काढायचे, पेपरच्या जाहिरात दरानं गुणायचे, वर आणखी तीननं गुणायचं, कारण जाहिरातीपेक्षा बातमीवर लोकांचा भरवसा जास्त! असा आलेला आकडा प्रायोजकाला 'तुम्हाला एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली' म्हणून दाखवायचा. ही मोजणी जनसंपर्क क्षेत्रातल्याच लोकांनी २०१० मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत मोडीत काढलीय, हे मला नंतर वाचून कळलं. अहवालाच्या शेवटच्या पानावर 'तयार करणार' म्हणून नाव कुणाचं, हे आता सांगायला नको. त्या प्रायोजक सराफाचाही फोन मला येऊन गेलाय.

काकांच्या फोननंतर मी सरांना गाठलं. दोन दिवसांनी पाच साड्या एका कॅरीबॅगेत कोंबून कुणीतरी माझ्या रूमवर आणून टाकल्या. सहावी आठवड्यानं आली. सातवी एका प्रायोजकाच्या घरच्यांना 'शूटला' दिली होती, ती आजतागायत आलेली नाही. सहांतल्या एकीच्या काठावर मेकअपचा डाग. दुसरीच्या पदराची जर कंबरपट्ट्याच्या आकड्यात अडकून ओढली गेली होती. मॅडम म्हणाल्या, "माल तू घेतलास, सही तुझी आहे, आमचा काय संबंध?" त्याच संध्याकाळी मला व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं. तीन महिन्यांचे २४,००० मागायची हिंमतही उरली नाही.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी वही बघितली आणि तेच विचारलं, "सही कुणाची आहे?" हा आपसातला व्यवहार, दिवाणीत जा, असं सुचवून अर्ज तेवढा ठेवून घेतला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पण मी दाखवणार काय? ऑफिसचा पत्ता नाही, ऑफर लेटरवर नोंदणी क्रमांक नाही, सूचना सगळ्या व्हॉट्सअॅप कॉलवर, लेखी काही नाही. ६,५०० साठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण तिथं काही तासांत कळवलं तर पैसे अडवता येतात. मी तीन महिन्यांनी कळवत होते.

म्हणून मुलींनो, किट-नोंदणीचे पैसे मागितले की उठा. पैसे पाठवताना स्क्रीनवर माणसाचं नाव दिसलं तर थांबा. गुमास्ता लायसन्स, म्हणजे दुकान-ऑफिसची नोंदणी, आणि जीएसटी क्रमांक मागा; महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते लगेच कळतं. पोस्टरवर आपला नंबर देऊ नका. आणि जांगडवर माल आणायला पाठवलं तर आधी कंपनीचं पत्र, मालकाच्या सहीनं: अमुक माल आम्ही आमच्या जबाबदारीवर घेत आहोत, घेऊन जाणारी आमची प्रतिनिधी. ते पत्र द्यायला कांकू करणारा साड्याही परत करणार नाही. नेताना आणि देताना प्रत्येक साडीचा काठ-पदर फोटोत घ्या. मी एकही फोटो काढला नव्हता; रॅम्पचे मात्र चारशे होते.

वडिलांना, म्हणजे अप्पांना, घेऊन पैठणला गेले तेव्हा मी काकांना म्हटलं, कंपनीनं फसवलं हो. ते म्हणाले, "पोरी, मी माल तुला दिला. कंपनी मी बघितली का?" आवाज चढवला नाही. गेलेल्या साडीचे २८,०००, खराब झालेल्या दोन साड्यांचे अर्ध्या किमतीनं १७,५००. अप्पा काही बोलायच्या आधीच त्यांनी ४२,००० वर आणलं. कापूस विकून आलेल्या पैशांतून अप्पांनी १२,००० तिथंच दिले. उरलेले मी दरमहा ३,००० देतेय. समर्थनगरच्या एका बुटीकमध्ये ९,००० वर कामाला आहे, तिथं स्टीमर हातात धरला की फोडांची जागा अजून ओळखीची वाटते.

दोन हप्ते राहिलेत. मागच्या वेळी गेले तेव्हा काकांनी नवी छापून आणलेली जांगड वही पुढं केली. 'घेऊन जाणाऱ्याचं नाव' याच्या खाली एक ओळ वाढवलीय: 'कंपनीच्या मालकाचं नाव, पत्ता, सही'. "बरोबर छापलंय का बघ," म्हणाले, "तू शिकलेली आहेस."

'पत्ता'मधला एक त सुटला होता. मी पेननं दुरुस्त करून दिला.