कायदा राबवण्याचा खर्च: व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया

ग्राहकांच्या खासगी माहितीसाठी कायदा केला, पण तो राबवायला माणसं आणि पैसा कुठून आणायचा? अमेरिकेतल्या या दोन राज्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या.

व्हर्जिनियाचा कायदा १ जानेवारी २०२३ ला लागू झाला. वेगळी यंत्रणा नाही, कारवाईचा अधिकार फक्त अॅटर्नी जनरलना, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांना. कंपनीला आधी चूक सुधारायला ३० दिवस मिळतात. खर्च कमी, पण ग्राहकाला स्वतः दावा लावता येत नाही. अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाला सवड नसेल तर ग्राहकाने जायचं कुठे?

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये 'प्रस्ताव २४' हा खासगी माहितीबद्दलचा कायदा मंजूर केला, पाच सदस्यांच्या मंडळाची स्वतंत्र संस्था उभारली आणि वर्षाला १ कोटी डॉलरची तरतूद कायद्यातच लिहून टाकली. आकडा मोठा दिसतो, पण जवळपास चार कोटी वस्तीत तो माणशी पाव डॉलर होतो. त्यातून नियम बनतात, तपास होतो. २०२२ मध्ये सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या सेफोरा कंपनीकडून १२ लाख डॉलर दंड वसूल केला तो या संस्थेने नाही, अॅटर्नी जनरलनी, हे खरं. पण अशा दंडाच्या भरवशावर पगार भागत नाहीत. मला ठरलेल्या तरतुदीचीच वाट पटते.