ॲपमधलं अंशफल, आठ महिन्यांनंतर: माझा सूर्य सोळावर की सतरावर?

कारखान्याची बँक दर महिन्याच्या 5 तारखेला पैशापैशानं जुळवणारा मी, स्वतःचं पासबुक मात्र दीड महिना उघडलं नाही. 12 जुलैला खात्यातून एका ज्योतिषाच्या ॲपचे 799 रुपये गेले, ते मला 23 ऑगस्टला दिसले. ऑटोपेचा मेसेज आदल्या दिवशी आला होता, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी टॉवेलचा कंटेनर निघायचा होता, मेसेज बोटानं ढकलून दिला. तर त्या 799 च्या रागात हे लिहायला घेतलं. मधे राग निवला, काही मतं बदलली. ती बदलली तिथंच तसं लिहिलंय.

ॲपचं नाव घेत नाही, वापरणारे ओळखतील. कुंडली, दशा, गुणमेलन हे सगळ्यांकडं असतं तसंच इथंही आहे, त्यावर शब्द घालवत नाही. मी पैसे भरले ते ‘अंशफल’साठी. जानेवारीत गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेत, पाळण्याच्या रांगेत उभे असताना पोरीनं विचारलं, “बाबा, तुमचा सूर्य कितव्या अंशावर आहे?” तिच्या मैत्रिणींत ते खूळ चालू होतं. संक्रांतीची ऑफर होती, 180 दिवसांचे 799. बारा राशी, प्रत्येकी 30 अंश, म्हणजे 360 अंश, आणि प्रत्येक अंशाला एक चित्र आणि त्याचा अर्थ. भेळेच्या कागदावर बोटं पुसत मी पैसे भरले.

माझा जन्म 3 नोव्हेंबर 1971, दुपारचा, सोलापूर. पहिल्या पानावर आलं: सूर्य, तूळ 16. चित्र काय, तर वादळात मोडलेला बोटींचा धक्का. अर्थ: पुन्हा उभारणी करा. ठीक आहे म्हटलं. मग पैसे भरून मिळालेला सविस्तर अहवाल उघडला, तर तिथं सूर्य तूळ 17, आणि चित्र निवृत्त जहाज कप्तानाचं, बंदरात येणारी-जाणारी जहाजं बघत बसलेला. आता नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात मला धक्का काय आणि कप्तान काय, दोन्ही सारखेच. पण एकाच माणसाचा एकच सूर्य एका पानावर 16 आणि दुसऱ्यावर 17? मी हिशेबाचा माणूस. वर्षाअखेरीला ‘राऊंड ऑफ’ खात्यात 11 रुपये शिल्लक दिसले तरी मला भाकरी गोड लागत नाही. स्पष्ट ग्रहांचं, म्हणजे ग्रहांच्या नेमक्या जागांचं पान काढून बघितलं: 16 अंश 50 कला (60 कलांचा एक अंश). म्हणजे एकानं 50 कला टाकून दिल्या आणि दुसऱ्यानं वर चढवल्या.

इथून पुढं चार महिने मी भांडलो. तक्रार टाकली, ती ‘सोडवली’ म्हणून बंद झाली. पुन्हा टाकली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा उत्तर आलं की दोन्ही अंशांची ऊर्जा आपल्यासाठी उपलब्ध आहे. मी विचारलं, माझ्या बिलावर 16 आणि 17 दोन्ही रकमा उपलब्ध ठेवू का? त्याला उत्तर नाही. एप्रिलात मी एक तारा दिला. खरं तर मनात अडीच होते, पण अर्धा तारा देता येत नाही, पूर्णांकच लागतो. तिथंही राऊंड ऑफ.

मग मेमध्ये मला खाली बघायची वेळ आली.

आमच्या गल्लीत एक जुने ज्योतिषी आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आता पत्रिका बघणं बंद केलंय, संध्याकाळी कट्ट्यावर बसतात. त्या दिवशी ऊन असं की सातनंतरही कट्टा भाजत होता, त्यावर पाणी मारून आप्पा बसले होते. मी मोबाईल घेऊन तणतणत निघालेलो.

“काय बघलालास रे त्यात एवढं?”

मी सगळं सांगितलं. धक्का, कप्तान, तीन तक्रारी.

“तुझं वय किती?”

“53.”

“53 पूर्ण की चालू?”

“पूर्ण. नोव्हेंबरात 54.”

“म्हणजे 54वं चालू. सूर्याचे पण 16 पूर्ण झालेत, 17वा चालू आहे. मग भांडलालास कशावरून?”

आणि मग खिशातली लग्नपत्रिका काढून तिच्या पाठीवर पेनानं लिहिलं: 6-16-50. पंचांगात स्पष्ट ग्रह असाच लिहितात. 6 म्हणजे सहा राशी संपल्या, सातवी तूळ चालू आहे. “इथं 6 लिहितात आणि आपण सातवी रास म्हणतो, तेव्हा नाही भांडलास कधी?”

मी गप्प. दाते पंचांग आमच्याच गावचं, घरात दर वर्षी भिंतीला टांगलेलं असतं, आणि मेष रास 0 लिहितात हे मी इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. मोजमाप ‘पूर्ण’ सांगतं, चित्र ‘चालू’ अंशाचं असतं. या चित्रांचा नियमच तसा: 0 ते 1 च्या मधला पहिला अंश, 16 ते 17 च्या मधला सतरावा. कला किती का असेनात, वरचाच आकडा. म्हणजे अहवाल बरोबर होता. पहिल्या पानावरचं 16 हे मापही बरोबर, फक्त त्याखाली चित्र चुकीचं चिकटवलेलं. चार महिन्यांच्या भांडणातलं माझं नव्वद टक्के चुकलं. त्या रात्री एकाचे तीन तारे केले.

ते तीन तारे दोनच आठवडे टिकले.

कारण तोवर मला सवय लागली होती, कुठलीही गोष्ट मुळापासून बघायची. ॲपमध्ये लिहिलंय, ‘प्राचीन ऋषींनी ध्यानात पाहिलेली 360 अंशचित्रे’. मी म्हटलं, ऋषींना जहाजाचा कप्तान दिसला असेल एक वेळ, पण वृश्चिकेच्या 12व्या अंशावर वकिलातीतला बॉलडान्स आहे! कुठल्या ऋषींनी पाहिला म्हणे? शोधल्यावर कळलं की ही चित्रं 1925 सालची, अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरातल्या बाल्बोआ पार्कमधली. मार्क एडमंड जोन्स हा ज्योतिषी आणि एल्सी व्हीलर ही संधिवातानं खुर्चीला खिळलेली बाई, तिला चित्रं दिसत. 360 कार्डं पिसायची, कुठलं कार्ड कुठल्या अंशाचं हे दोघांनाही दिसू नये अशी व्यवस्था, ती सांगणार आणि हा पेन्सिलीनं टिपणार. एका दिवसात सगळी उरकली. त्यांना सेबियन सिम्बॉल्स म्हणतात. वाईट काही नाही त्यात, मला तर ती हकीकत ॲपमधल्या सगळ्या मजकुरापेक्षा आवडली. पण तिला ऋषींचं धोतर नेसवायचं कारण नव्हतं.

आणि खरी मेख पुढं आहे. ही चित्रं सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेल्या राशींवर बसवलेली आहेत. ॲप मात्र कुंडली निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या राशींवर काढतं आणि तेच अंश चित्रांना देतं. सोलापूरच्या माणसाला सायन-निरयन समजवायला वेगळं काही नको, गड्डा पुरे. सूर्य सायन मकरेत 21-22 डिसेंबरला जातो, आणि आपली संक्रांत 14-15 जानेवारीला. मधले जे 24 दिवस, तेच साधारण 24 अंश. त्याला अयनांश म्हणतात आणि तो 72 वर्षांत एक अंश या चालीनं वाढतो. माझ्या जन्मवेळी चित्रापक्षानं, म्हणजे चित्रा तारा धरून, तो 23 अंश 28 कला होता. तूळ 16-50 मध्ये मिळवा: वृश्चिक 10 अंश 18 कला. चालू अंश 11वा. त्याचं चित्र आहे, बुडणाऱ्या माणसाला वाचवलं जातंय.

म्हणजे मी 799 भरून धक्का आणि कप्तान यांत चार महिने भांडलो, आणि माझा माणूस तिकडं पाण्यात गटांगळ्या खात होता. आकडा वर चढवायचा नियम पाळला, पण आकडाच भलता घेतला. आमच्याकडं मीटरचा माल फुटाच्या दरानं लावला तर नोकरी जाते.

कुणी म्हणेल, अयनांश कुठला धरायचा यावरच आपल्यात मतं आहेत. आहेत की. कृष्णमूर्ती पद्धतवाल्यांचा सहा-एक कलांनी कमी, त्यानं माझा सूर्य 16-56 होतो, फरक पडत नाही. टिळक पंचांग रेवती तारा धरतं, तिथं जवळपास चार अंशांचा फरक आहे. पण ही भांडणं निरयनवाल्यांची घरातली. सायन चित्र निरयन अंशाला लावा असं यातलं कुणीच म्हणत नाही.

आता लग्नाच्या अंशाबद्दल. हे लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास. ॲप त्याला ‘आत्म्याचा अंश’ म्हणतं आणि त्यासाठी वेगळे 199 मागतं. ते मी भरले नाहीत, त्याचं कारण माझी आई. माझी जन्मवेळ काय, तर गिरणीचा भोंगा. आई म्हणायची, “तीनचा भोंगा झाला, चाळीतली माणसं पाळीवरून आली, चहा ठेवला, तेवढ्यात झालास.” आता माणसं गिरणीतून चाळीत यायला किती वेळ, चहाला किती? लग्न सरासरी चार मिनिटांना एक अंश सरकतं, आणि कुंभ-मीनेत आपल्याकडं त्याहून भराभर. मी ॲपमध्येच वेगवेगळ्या वेळा घालून बघितलं. 3:00 ला कुंभ 24, 3:10 ला कुंभ 27, आणि 3:25 ला चक्क मीन लग्न. आईचा चहा उकळेपर्यंत आठ-नऊ अंश, म्हणजे आठ-नऊ आत्मे. 199 कुठल्या आत्म्याचे भरू? चंद्राचं बरं, त्याला एक अंश चालायला दोन तासांच्या आसपास लागतात. सूर्याला तर अख्खा दिवस. अंशफल बघायचंच असेल तर या दोघांचं बघा. आणि गाव सोलापूरच निवडा. ॲप आपोआप मुंबई धरतं. तीन रेखांशांचा फरक, म्हणजे 12 मिनिटं, तेवढ्यात लग्न पार हलतं.

एवढं बोललो तर चांगलंही सांगतो. फुकटच्या भागात ‘ग्रहबल’ नावाचं एक पान आहे, कुणी उघडत नसेल. तिथं अंशांचा जो जुना हिशेब आहे तो ठेवलाय. सूर्य मेषेच्या 10 अंशांवर परमोच्च, म्हणजे सगळ्यात बलवान, तुळेच्या 10 वर परमनीच, म्हणजे सगळ्यात दुबळा. गुरू कर्केच्या 5 वर उच्च, शनी तुळेच्या 20 वर. माझा सूर्य परमनीच बिंदूपासून 6 अंश 50 कला पुढं आलाय. त्याला तिनानं भागायचं, 60 पैकी 2.28 उच्चबल. कॅल्क्युलेटरवर केलं, ॲपशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलं. 60 पैकी 2.28 ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण जुळलं याचा आनंद मला धक्का-कप्तानापेक्षा जास्त झाला. राशीचे अर्ध्या-अर्ध्या अंशाचे 60 तुकडे म्हणजे षष्ट्यंशसुद्धा तिथं नावासकट आहेत: घोर, राक्षस, देव, कुबेर अशी. ऋषींचं नाव लावायचं तर याला लावायचं होतं. ते फुकट, आणि बाल्बोआ पार्क 799!

पोरीनं तिचं अंशफल मार्चमध्येच बंद केलं. मी मात्र जूनपासून रोज सकाळी पंचांगातला चंद्र आणि ॲपमधला चंद्र ताडून बघतो, चुकला असेल तर पकडायला. अजून चुकला नाही. बायको म्हणते, पूर्वी देवापुढं एवढा वेळ उभा राहिला असतात तर.

पैशांचं राहिलं. 23 ऑगस्टला ऑटोपे बंद केलं, परतावा मागितला. या खेपेला माणूस बोलला, नीट बोलला, उरलेल्या दिवसांचे देतो म्हणाला. 180 पैकी 138 दिवस, 799 ला गुणून भागून 612 रुपये 57 पैसे. चौथ्या दिवशी खात्यात आले 612. अंशाला 50 कला वर चढवतात आणि 57 पैसे खाली उतरवतात. मी 16-50 चं पान आणि पासबुकाचं पान, दोन्हींचे फोटो एकत्र लावून पाचवी तक्रार टाकली आहे. ती अजून कुणी बंद केलेली नाही.