ड्रॅक्युला तारखेप्रमाणे परत वाचलं, त्याचा अनुभव

ब्रॅम स्टोकरचं ड्रॅक्युला माझं आधीपासूनच आवडतं, पण यावेळी सलग नाही वाचलं. आख्खी कादंबरी डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं यातूनच उलगडते आणि जवळपास सगळ्यावर तारखा आहेत, ३ मे ला सुरू आणि ६ नोव्हेंबरला शेवट, म्हणून ठरवलं की ज्या तारखेचं आहे ते त्याच तारखेला वाचायचं. आता पूर्ण झालं म्हणून लिहितेय. पुस्तक १८९७ चं असलं तरी पुढे स्पॉयलर आहेत हां.

छापलेल्या पुस्तकात पहिली चार प्रकरणं फक्त जोनाथन हार्करची, म्हणजे काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावर कामासाठी गेलेल्या तरुण वकिलाची डायरी आहे, त्याची होणारी बायको मीना हिची पत्रं त्यानंतर येतात. तारखेने वाचलं की ८ मे ला हार्करला कळतं किल्ल्याचे सगळे दरवाजे बंद आहेत, आपण कैदी आहोत, आणि लगेच ९ मे ला मीना तिच्या मैत्रिणीला, लूसीला लिहिते की जोनाथनच्या घाईघाईत लिहिलेल्या दोन ओळी आल्यात, बरा आहे, आठवडाभरात परत येईल! इतक्या वेळा वाचूनही या दोन नोंदी तारखेने एकाला एक लागून आहेत हे कधी जाणवलंच नव्हतं, सर्रकन काटा आला अंगावर. त्याच ८ मे ला अजून एक प्रसंग आहे, हार्करला काउंट स्वतः अंथरूण घालताना दिसतो, म्हणजे घरात नोकरच नाहीत, म्हणजे रात्री घोडागाडी हाकत आणणाराही तोच. रक्त नाही, किंकाळी नाही, नुसतं अंथरूण, आणि मला तरी अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात भीतीदायक पान हेच वाटतं.

मग १९ मे. काउंट हार्करकडून घरी परत निघाल्याची तीन पत्रं आधीच लिहून घेतो, तारखा १२, १९ आणि २९ जून. म्हणजे किती दिवस जगायचंय ते ठरलं. सलग वाचताना हे दहा मिनिटांत पार पडतं, इथे महिनाभर वाट बघावी लागते, मधे मधे दिवसच्या दिवस डायरी गप्प असते आणि खरंच जीव टांगणीला लागतो. ड्रॅक्युला ज्यातून इंग्लंडला येतो त्या जहाजाची नोंदवही पण तशीच, पुस्तकात ती एका कात्रणात एकदम येते, पण जुलैभर थोडी थोडी वाचली की एकेक खलाशी नाहीसा होतो तो आपल्या डोळ्यांदेखत.

खटकलेलं पण सांगते. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगची भाषणं दरवेळी लांबच वाटतात. आणि सगळे पुरुष मिळून मीनाला अंधारात ठेवतात तो भाग तर आता आणखी चीड आणतो, कारण सगळ्यांचे कागद टाइप करून तारखेने लावलेत कोणी, तर तिनेच! ड्रॅक्युला रक्त पितो त्या लूसीला चौघांचं रक्त देतात तेही वाचवत नाही, रक्तगटाचा शोध लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने लावला तो १९०० च्या आसपास, त्यामुळे कोणाचं रक्त कोणाला चालेल हा प्रश्नच कोणाच्या मनात येत नाही.

पहिल्यांदा वाचणार असाल तर सरळ पुस्तकाच्या क्रमानेच वाचा, स्टोकरने मांडणी विचार करूनच केलीये. दुसऱ्यांदा मात्र तारखेने. फक्त सप्टेंबरच्या शेवटापासून रोजचं वाचन खूप वाढतं, ३ ऑक्टोबरला तर जवळजवळ सुट्टीच काढा, इतकं आहे त्या एका दिवसात.